सावकाशराव घाईला आले तेव्हा

ऑफिसात त्यांना सगळे सावकाशराव म्हणत. तोंडावर नाही, तोंडावर ‘सर’. पण जिन्यात, पाण्याच्या मशीनपाशी, लिफ्टची वाट बघताना सावकाशरावच. नाव पडायचं कारण साधं होतं. कुणी धापा टाकत येऊन म्हणालं, “सर, आज संध्याकाळपर्यंत होईल ना?” की ते चष्मा कपाळावर चढवत आणि म्हणत, “सावकाश. आधी बसा.” माणूस बसायचा, बसल्या बसल्या त्याची निम्मी घाई उतरायची, आणि काम व्हायचं ते परवा. पण एकदा झालं की त्याकडे पुन्हा वळून बघायची वेळ येत नसे.

कंपनी लहानशी. खाली चपलांचं दुकान, वर हे ऑफिस. हॉस्पिटलांच्या औषधभांडारांसाठी प्रोग्राम लिहायचा आणि चालता ठेवायचा, हा धंदा. कोणत्या रुग्णाला कोणतं औषध, किती, केव्हा, हे सगळं त्या प्रोग्रामात असायचं. तो लिहिला होता फार पूर्वी, एका जुन्या भाषेत, आणि त्यातला बराचसा सावकाशरावांच्याच हातचा होता. आता ती भाषा येणारी माणसं मिळेनाशी झाली होती, म्हणून सगळं उचलून एका नव्या भाषेत न्यायचं ठरलं. सुरुवात व्याख्यांपासून.

प्रोग्रामला प्रत्येक गोष्ट आधी समजावून सांगावी लागते. रुग्ण म्हणजे काय? तर नाव, वय, वजन, ऍलर्जी. वजन म्हणजे आकडा. जुनी भाषा एवढ्यावर खूश असायची; आकडा म्हटलं की आकडा, पुढची चौकशी नाही. नवी भाषा खाष्ट. ती दारातच अडवून विचारायची: पूर्ण आकडा की अपूर्णांक? ही जागा रिकामी राहिली तर चालेल की नाही? सांगा, मगच आत या. सोप्या व्याख्यांचं भाषांतर एक तयार साधन आपोआप करून द्यायचं आणि जिथे त्याला शंका येई तिथे लाल खूण करून ठेवायचं: इथे ठरवा. अशा लाल खुणा ढिगानं होत्या. त्या ठरवायच्या कोणी, यावर मीटिंगमध्ये चर्चासुद्धा झाली नाही. सगळ्यांनी माना वळवून सावकाशरावांकडे बघितलं.

ते असली कामं कशी करत हे सगळ्यांना माहीत होतं. मोठ्या हॉस्पिटलातल्या फार्मासिस्टबाईंना फोन लावायचे. “मला सांगा, रुग्णाचं वजन माहीत नाही असं होऊ शकतं का?” बाई फणकारायच्या, “बेशुद्ध माणसाला काट्यावर उभं करू का मी?” सावकाशराव शांतपणे लिहून घ्यायचे: रिकामं असू शकतं.

काम नुकतंच हाती आलं होतं, आणि त्यांची बायको गेली.

शनिवारी सकाळी ती केस पुसत पलंगावर बसली, टॉवेल हातातच होता, आणि आडवी झाली. हृदय बंद पडलं. डॉक्टर म्हणाले, तिला काही कळलंसुद्धा नसेल. तसं पाहिलं तर सावकाशरावांनाही काही कळलं नाही. लोक आले, लोक गेले. कुणी खांद्यावर हात ठेवून म्हणालं, “रडून घ्या, मोकळं वाटेल.” त्यांनी प्रयत्न करून बघितला. बाथरूमचं दार लावून, नळ सोडून उभे राहिले. शिंक येईल येईल वाटावं आणि मध्येच जिरावी, तसं झालं. मग नळ बंद करून बाहेर आले.

घरात आता दोघंच उरली, ते आणि सासूबाई. सासरे गेल्यापासून सासूबाई लेकीकडेच होत्या. त्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली, दिवसभर कानाला यंत्र लावून दुसऱ्यांची बोलणी जुळवून देण्यात. त्यामुळे ऐकू कमी यायचं आणि स्वतःचं बोलणं तारेसारखं तुटक. संध्याकाळी टीव्हीवर प्रश्नमंजूषा लागायची, ती त्या मोठ्या आवाजात लावायच्या आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर ठणकावून चुकीचं द्यायच्या. पूर्वी लेक स्वयंपाकघरातून ओरडायची, “आई, चुकलं!” आता चुकलं म्हणणारं कुणी नव्हतं. सासूबाईंची सगळी उत्तरं बरोबर धरली जात होती.

सावकाशराव कामावर लवकर परतले. घरी करण्यासारखं काही नव्हतं. आणि ऑफिसात सगळ्यांनी एक नवल बघितलं: त्यांचा वेग वाढला. लाल खूण दिसली की ठरवलं, पुढची दिसली की ठरवलं. चष्मा कपाळावर चढेना. फोन उचलला जाईना. “सावकाशराव सुसाट सुटलेत,” कुणीतरी जिन्यात म्हणालं, आणि सगळे हसले, आणि मग हसलो म्हणून जरा ओशाळले. मॅनेजरला वाटलं, माणूस दुःख कामात बुडवतोय, बुडवू द्या. त्यांना स्वतःला विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं की बुडवायला हाताशी काही नाहीच. सगळं सपाट होतं. पडद्यावर ओळ येत होती, तिचं उत्तर देत होतो, ओळ जात होती.

एका संध्याकाळी जाहिराती लागल्या तेव्हा सासूबाईंनी विचारलं, “ऑफिसात हल्ली काय करता?”

“जुन्या भाषेतल्या व्याख्या नव्या भाषेत करतो, आई.”

“म्हणजे भाषांतर.”

“तसंच काहीसं. समजा घरात डबे आहेत. जुन्या भाषेत डब्यावर नुसतं ‘डबा’ लिहिलं तरी भागायचं. नव्या भाषेत ‘साखर’ असंच लिहावं लागतं. मग त्यात मीठ घालायला गेलं तर झाकणच उघडत नाही.”

“आणि डबा रिकामा असला तर?”

“तेही आधी सांगून ठेवायचं. हा रिकामा असू शकतो म्हणून.”

सासूबाईंनी जरा विचार केला. “आपल्याकडं कशात काय आहे ते तिलाच माहीत. परवा मी चहात मीठ घातलं. नंतर डबा बघितला तेव्हा कळलं.”

“असं?”

“तुम्ही कप संपवलात.”

“तुम्हीही संपवला असेल.”

“हो ना,” सासूबाई म्हणाल्या. “मलाही नाही कळलं.”

प्रश्नमंजूषा पुन्हा सुरू झाली. दोघं बघत बसली.

नंतरच्या एका रविवारी मेहुणा आला, बायकोला घेऊन. बहिणीच्या जाण्यानं तो फार हलला होता. बोलता बोलता त्याचा आवाज फाटायचा, आणि सावकाशरावांना त्याचा हेवा वाटायचा. तो म्हणाला, “भाऊजी, आईला आता आमच्याकडे घेऊन जातो. तुमच्यावर किती भार टाकायचा? ताई होती तेव्हाची गोष्ट वेगळी. आता आई इथं राहणार म्हणजे, तुम्हीच सांगा, कशी?”

त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. त्याची बायको, म्हणजे सासूबाईंची सून, म्हणाली, “आमच्याकडं बाल्कनी आहे, सकाळचं ऊन येतं.”

सासूबाई सगळ्यांचं ऐकून घेत होत्या, म्हणजे जेवढं ऐकू येत होतं तेवढं. मग जावयाकडे वळल्या. “जावईबापू, तुमचं काय म्हणणं?”

“तुमची मर्जी, आई,” ते म्हणाले.

सासूबाई त्यांच्याकडे जरा वेळ बघत राहिल्या. मग उठल्या आणि कपड्यांच्या घड्या घालायला लागल्या.

सावकाशरावांनी बॅग खाली नेली, गाडीत नीट बसवली, काचेतून हात हलवला. वर येऊन कप विसळले. टीव्ही लावायचा त्यांना कंटाळा आला. घर एकदम गप्प झालं होतं, आणि आता तरी काही वाटेल म्हणून ते खुर्चीवर बसून राहिले. काही वाटलं नाही. भूक लागली, तेवढं जेवले.

त्यांच्या कामाची तपासणी करायला ऑफिसात एक मुलगी होती. मुलगी म्हणजे तिशीतली, पण सगळ्यांत धाकटी म्हणून मुलगी. तिचं काम चुका शोधायचं आणि जीभ त्या कामाला साजेशी. प्रोग्राम अजून कुठल्याही हॉस्पिटलात गेलेला नव्हता; ती खोटेच रुग्ण तयार करून त्यात भरायची. त्या दिवशी तिनं एक लहान मूल तयार केलं, त्याला पाव गोळी लिहून दिली आणि पडद्याकडे बघत बसली. पडद्यावर आलं: शून्य.

ती खुर्चीसकट सरकत सावकाशरावांच्या टेबलाशी आली. “सर, गोळ्यांचं प्रमाण तुम्ही पूर्ण आकडा ठरवलंय. पाव गोळीचं शून्य होतंय. अर्धीचंपण.”

त्यांनी बघितलं. “हो. चुकलं.” दोन बटणं दाबून दुरुस्त केलं आणि पुढची ओळ उघडली.

“एवढंच?”

“झालं की दुरुस्त.”

ती जागेवर गेली आणि तिनं आधीच्या सगळ्या लाल खुणा एकेक करून उघडायला सुरुवात केली. दुपारी ती परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता, आणि जिभेची धारही.

“ऍलर्जीची जागा, सर. जुन्या प्रोग्रामात दोन गोष्टी वेगळ्या होत्या. जागा रिकामी म्हणजे रुग्णाला अजून विचारलंच नाही. आणि ‘काही नाही’ म्हणजे विचारलं, तो नाही म्हणाला. तुम्ही दोन्हीचं एकच करून टाकलंय. म्हणजे ज्याला विचारलेलं नाही त्याच्यापुढंही ‘काही नाही’ दिसणार. आणि ते बघून नर्स औषध देणार.”

“हं.”

“मी नवीन आले तेव्हा हे तुम्हीच मला शिकवलं होतं. मला बसवून. अर्धा दिवस घालवलात त्यात. मी कंटाळले होते.” तिचा आवाज चढला, आजूबाजूच्या माना वळल्या. “तुम्हाला काहीच वाटत नाहीये का?”

सावकाशरावांनी खरंच आत डोकावून बघितलं, खिशात किल्ली आहे का चाचपावं तसं. “नाही,” ते म्हणाले. “वाटायला पाहिजे हे कळतंय. पण वाटत नाहीये.”

ती टेबलाला टेकली. मग हळू म्हणाली, “मला हे वर सांगावं लागेल, सर.”

“सांगा. मीही येतो.”

मॅनेजर हबकला. त्याला ओरडायचं होतं, पण ओरडायचं कुणावर ते त्याला सुचेना. “सर, तुम्ही रजा घ्या. महिनाभर. पगार चालू राहील.”

“घरी काय करू?” सावकाशरावांनी विचारलं. टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. मॅनेजरनं टेबलावरचं पेन सरळ केलं, मग पुन्हा तिरकं केलं. शेवटी ती मुलगीच म्हणाली, “पहिल्यापासून पुन्हा करू. सर करतील, मी शेजारी बसेन. शंका आली की फोन. पूर्वीसारखं.”

तसं ठरलं. तिनं आपली खुर्ची कायमची त्यांच्या टेबलाशी आणली आणि पहिल्या लाल खुणेवर बोट ठेवलं. “हे काय आहे?”

“डोस देण्याची वेळ.”

“रिकामी असू शकते?”

“नाही,” ते म्हणाले.

“ठरवलंत की माहीत आहे?”

ते थांबले. हात आपोआप चष्म्याकडे गेला नाही, पण थांबले. “ठरवलं,” ते म्हणाले.

“मग लावा फोन.”

फार्मासिस्टबाईंनी आवाज ऐकताच सरबत्ती सुरू केली. “अहो, होतात कुठं? एवढे दिवस फोन नाही. मला वाटलं नोकरी सोडलीत, सुटले एकदाची!”

“बायको गेली,” सावकाशराव म्हणाले.

“कुठं गेली?”

“नाही, गेली म्हणजे वारली.”

पलीकडे कुणीतरी बाटल्यांचं खोकं जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या, “घरी कोण असतं?”

“कुणी नाही. सासूबाई होत्या, त्या मुलाकडं गेल्या.”

“त्या गेल्या, की तुम्ही जाऊ दिलंत?”

शेजारी ती मुलगी पडद्यावरची एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचल्यासारखं करत होती.

“बरं,” बाई म्हणाल्या. “विचारा, काय विचारायचंय. माझ्याकडं रांग आहे.”

त्यांनी वेळेबद्दल विचारलं. बाईंनी सांगितलं की काही औषधं दुखलं तरच द्यायची असतात, त्यांना वेळ कुठून लिहिणार? म्हणजे रिकामी असू शकते. मुलीनं ते लिहून घेतलं आणि सावकाशरावांकडे बघितलं नाही, हे तिचं सौजन्य.

असे आठवडे गेले. काम गोगलगायीच्या चालीनं चाललं. मधूनमधून ती मुलगी वैतागायची, “सर, हे तर उघड आहे!” आणि एकदा त्यांच्या तोंडून निघून गेलं, “सावकाश.” टेबलापलीकडे कुणीतरी खोकलं. त्यांना स्वतःला त्यात काही विशेष वाटलं नाही. आनंद वगैरे तर नाहीच. फक्त एवढं झालं होतं की आता ते ओळ वाचत होते.

बाईंचा तो प्रश्न मात्र डोक्यातून जात नव्हता, दातात काही अडकावं तसा. एका सुट्टीच्या सकाळी ते बसमध्ये बसले आणि मेहुण्याच्या घरी जाऊन थडकले. आधी फोन करायचं राहून गेलं होतं. सुनेनं दार उघडलं, ती गडबडली. सासूबाई खरंच बाल्कनीत उन्हात बसलेल्या होत्या, गुडघ्यांवर शाल, पुढ्यात फळाच्या फोडी, आणि घशात अडकायची भीती नको म्हणून कुणीतरी त्या अगदी बारीक कापून दिल्या होत्या.

“का आलात?” त्यांनी विचारलं.

“सुट्टी होती.”

“बसा.”

ते बसले. खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी धूत होतं. तिकडे बघत सावकाशराव म्हणाले, “घरात टीव्ही बंदच असतो.”

“बिघडला?”

“नाही. मी लावत नाही.”

सासूबाईंनी एक फोड उचलली, ठेवून दिली. “इथं सगळे हळू बोलतात,” त्या म्हणाल्या. “मी झोपले असल्यासारखं. मला ऐकूच येत नाही काय बोलतात ते. खोलीत आले की हसतात. चांगली आहेत हो. माझाच मुलगा, चांगला आहे. पण दिवसभर मला बरं वाटून घ्यावं लागतं, त्यांच्यासाठी.”

“चला मग.”

“कुठं?”

“घरी.”

“लोक काय म्हणतील? लेक नाही आणि ही जावयाकडं.”

“भाडेकरू आहे म्हणून सांगा.”

“मी, की तुम्ही?”

हे त्यांना पटकन कळलं नाही. कळलं तेव्हा तोंडाचा एक कोपरा हलला.

मेहुणा दुखावला. ते साहजिकच होतं. “माझ्यात काय कमी पडलं, आई? मी पोटचा मुलगा असून?” त्याचे डोळे भरून आले. सासूबाईंनी त्याला जवळ बसवलं, त्याच्या केसांतून हात फिरवला. “काही कमी पडलं नाही रे. तू रडतोस. तू रडलास की मला वाटतं, मीही रडायला हवं. मला अजून येत नाही. यांच्याकडं नाही आलं तरी चालतं.” मग सुनेकडे बघून म्हणाल्या, “मी येत राहीन. ऊन छान आहे तुमच्याकडं.”

मेहुणा गाडीनं सोडायला तयार होता, पण सासूबाईंनी बसच हवी म्हणून हट्ट धरला. वाटेत त्यांना मळमळलं. सावकाशरावांनी खिडकी उघडून दिली आणि बॅग मांडीवर घेतली. “गाडीनं आले असते तरी झालंच असतं हे,” सासूबाई डोळे मिटून म्हणाल्या. “पण तिथं सगळे काळजी करत बसले असते.”

नवा प्रोग्राम यथावकाश हॉस्पिटलात गेला. ज्या दिवशी चालू झाला त्या दिवशी काहीच घडलं नाही. कुणाचा फोन नाही, तक्रार नाही. या धंद्यात यापेक्षा मोठी शाबासकी नसते. मॅनेजरनं सगळ्यांना केक आणला. त्या मुलीला बढती मिळाली आणि तिनं आपली खुर्ची परत ओढून नेली. जाता जाता म्हणाली, “सर, पुढच्या कामाला मला बोलवू नका. म्हातारी होईन मी.” सावकाशरावांनी केक खाल्ला. गोड होता. एवढं कळलं.

रडू आलं ते त्यानंतर खूप उशिरा, आणि भलत्याच ठिकाणी. त्यांचा नेहमीचा न्हावी हात मोडल्यामुळे बरेच महिने दुकान बंद ठेवून होता, तोवर ते जिथे जमेल तिथे केस कापून घेत होते. दुकान उघडलेलं दिसलं तसे आत गेले. न्हाव्यानं गळ्याभोवती कापड बांधलं, पाणी फवारलं, एका बाजूचे केस कापून झाले, आणि कात्री थांबवून त्यानं आरशातून विचारलं, “आणि वहिनी काय म्हणतात?”

त्याला माहीत असायचं कारणच नव्हतं.

सावकाशरावांनी सांगायला तोंड उघडलं आणि आवाजाऐवजी दुसरंच काही आलं. हात कापडाखाली अडकलेले, त्यामुळे तोंडही झाकता येईना. न्हावी घाबरला. आधी त्याला वाटलं कात्री लागली, म्हणून त्यानं दोन्ही कान बघितले. मग त्याच्या लक्षात आलं. त्यानं दुकानाचा पडदा ओढला, रेडिओ बंद केला, आणि स्टूल घेऊन शेजारी बसला. बराच वेळ लागला. मध्ये एक गिऱ्हाईक डोकावलं, त्याला त्यानं हातानंच परत पाठवलं. शेवटी गार पाण्यानं भिजवलेला नॅपकिन पुढे केला आणि विचारलं, “दुसरी बाजू आज कापू, की उद्या येता?”

“आजच कापा,” सावकाशराव म्हणाले.

ते घरी पोचले तेव्हा डोळे सुजलेले, कॉलर ओली, आणि मानेवर सगळीकडे केस चिकटलेले होते. सासूबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. काय झालं ते त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला, जे त्या कधीच करत नसत.

“केस बरे कापलेत,” त्या म्हणाल्या. “अंघोळ करून घ्या. खाज सुटेल.”